शेवटी आपले बूट

सुभेदारसाहेब,

तुमचा तेरावा होऊन दोन दिवस झाले. आज सकाळी सात वाजता मी सवयीने बागेतल्या आपल्या बाकापाशी गेलो आणि कण्हेरीखाली पडलेली फुले वेचून परत आलो. बाकावर बसलो नाही. बसलो असतो तर तुमच्याशी बोलू लागलो असतो, आणि वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणसाने बागेत एकट्याने बोलू नये, असे सूनबाईंचे म्हणणे आहे. म्हणून हे लिहितो.

लिहिण्याचे कारण एकच. त्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास तुम्ही रुग्णालयातून मला जो व्हिडिओ कॉल केलात, त्याचा अर्थ मला लागत नाही. तुम्ही मला काही सोपवत होतात, की आजारी हाताने चुकीचे बटण दाबले गेले होते? चाळीस वर्षे मी मुलांना व्याकरण शिकवले. संदिग्ध वाक्याचा अर्थ लावायचा तर आधी वक्त्याचा अभिप्राय शोधावा, हे त्यांना घोकून घेतले. आता वक्ता नाही. अभिप्राय कोणाकडे शोधावा?

आपली पहिली भेट तुम्हांला आठवत असेल. मी फुले वेचत होतो आणि मागून शुद्ध खटाव तालुक्यातली एक शिवी ऐकू आली. चंदीगडात एवढी वर्षे काढल्यावर मराठी शिवीदेखील कानाला ओवीसारखी लागते. वळून पाहिले, तर बाकावर ताठ बसून तुम्ही हातातल्या फोनला दटावत होतात. मला पाहून ओशाळलात. "माफ करा हां, घरचंच कोनी आसंल आसं वाटलं न्हाय," म्हणालात.

फोनच्या पडद्यावर बारा चौकटी होत्या. मी चष्मा सावरून पाहिले. एकीत लोखंडी फाटक, एकीत आडवा दांडा, एकीत नुसता रस्ता. माणूस कोठेच नव्हता.

"माणसे कोठे आहेत?" मी विचारले.

"कॅमेऱ्याच्या मागं हायत. तितंच पायजेत."

मग तुम्ही समजावून सांगितलेत. सैन्यातून निवृत्त झाल्यावर तुम्ही रखवालदार पुरवणाऱ्या एका संस्थेत फील्ड ऑफिसर झाला होतात. आयटी पार्कातली काही फाटके, एयरोसिटीतल्या दोन इमारती, सेक्टर त्रेचाळीसच्या बसस्थानकामागचे एक गोदाम, अशा बारा पोस्ट तुमच्याकडे होत्या. पूर्वी स्कूटरवरून सगळीकडे जात होतात. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि स्कूटर गेली. तेव्हापासून सकाळी सातला, पाळी बदलताना, या पडद्यावर हजेरी.

आरंभी रखवालदार आपापला चेहरा दाखवीत असत. पण एके दिवशी एकजण स्वतःचीच छबी पडद्यावर पाहत मिशी सारखी करत होता आणि त्याच्या खांद्यावरून तुम्हांला दिसले, की उघड्या फाटकातून एक गाय निवांतपणे आत चालली आहे. "त्यो सोताला बगत हुता, मी त्येला बगत हुतो, आन् गाईला कुनीच बगत न्हवतं," हे तुम्ही मला निदान वीस वेळा सांगितले असेल, आणि प्रत्येक वेळी गाय थोडी अधिक पुष्ट झालेली असे. त्या दिवसापासून तुमचा नियम झाला. चेहरा नको. कॅमेरा उलटा करायचा आणि आपल्याला जे दिसते ते साहेबाला दाखवायचे.

दाखवण्याचाही क्रम होता. आधी सर्वांत लांबची वस्तू. मग फाटक. मग आपल्या ताब्यातले सामान, नोंदवही, किल्ल्या, खुर्ची. आणि शेवटी कॅमेरा खाली वळवून आपले बूट, म्हणजे मी अजून उभा आहे हे कळावे. एवढे झाले की पाळी संपलेल्याने म्हणायचे, "चार्ज दिया." नव्याने आलेल्याने म्हणायचे, "लिया." 'लिया' ऐकल्यावाचून जुन्याने जागा सोडायची नाही, मग सात वाजोत की साडेसात. आणि ते ऐकले की तुम्ही त्याला म्हणायचात, "चल, जूते ढीले कर." त्या चार शब्दांत रखवालदाराची बारा तासांची पाळी संपत असे.

हा सगळा विधी मला फार आवडला, हे मी तुमच्यासमोर कधी कबूल केले नाही. उलट वाद घातला. तुम्ही त्याला हजेरी म्हणत होतात, त्यावर माझा आक्षेप होता. हजर म्हणजे आमचे 'उपस्थित'. उप म्हणजे जवळ, स्थित म्हणजे उभा. जो जवळ उभा आहे तो उपस्थित. आमच्या वर्गात नाव पुकारले की विद्यार्थी उभा राहून तेच म्हणत असे, आणि तो खरोखर माझ्या चार हातांवर असे. सहा कोसांवरचा मनुष्य फोनच्या काचेत उपस्थित कसा?

तुम्ही मिशीवर बोट फिरवून म्हणालात, "जवळ म्हंजे कुनाच्या जवळ, बुवा?"

"ज्याने हजेरी घेतली त्याच्या."

"आवो, त्यो माज्याजवळ हुबा ऱ्हाऊन काय करनार? च्या पिनार? त्येनं गेटाजवळ हुबं ऱ्हायाला पायजे."

मी म्हणालो, शब्दाचा अर्थ सोयीनुसार वाकवता येत नाही. तुम्ही म्हणालात, "मंग तुमीच सरळ करा. शब्द तुमचा, गेट माजं."

पुढे धुक्याच्या दिवसांत एका सकाळी बाराही चौकटी पांढऱ्याफटक होत्या. हरपालसिंग हा तुमचा सर्वांत जुना रखवालदार. गोदामाच्या पोस्टवर तो होता.

"हरपाल, क्या दिखता है?"

"धुंद, साहबजी."

"धुंद के पीछे?"

"होर धुंद."

"और उसके पीछे?"

"पिच्छे गेट है जी. दिखदा नहीं, पर मैं हत्थ रक्ख के खड़ा हाँ."

तुम्ही फोन बाजूला करून माझ्याकडे पाहिलेत. "ह्येला म्हनत्यात हजर. सांगा आता, तुमच्या पानिनीला काय म्हनायचंय?"

होळी झाल्यावर ग्रंथ पाहून सांगतो, असे म्हणून मी वेळ मारून नेली. होळीच्या आधीच तुम्हांला श्वासाचा त्रास सुरू झाला.

कृतज्ञतेची एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. मला व्हिडिओ कॉल तुम्हीच शिकवलात. माझ्या मुलाने तीनदा प्रयत्न करून हात टेकले होते. "बुवा, कॅमेरा उलटा करा," असे तुम्ही पलीकडून म्हणालात आणि मी अख्खा फोनच उलटा फिरवला. पडदा भिंतीकडे, पाठ माझ्याकडे. तुम्हांला आमच्या देवघराची चौकट दिसली, मला काहीच दिसेना. त्यानंतर आठवडाभर तुम्ही बागेत भेटेल त्या प्रत्येक शीख गृहस्थाला ही गोष्ट सांगत होतात. पण त्याच दिवशी संध्याकाळी घरी येऊन, शेजारी बसून, माझे बोट धरून ते बटण दाखवलेत, जसे मी कधीकाळी मुलांचे बोट धरून श्रीकार गिरवून घेत असे. मी पुन्हा विसरलो. तुम्ही पुन्हा दाखवलेत. तुम्ही कधी चिडला नाहीत. शिव्या फक्त रखवालदारांसाठी राखून ठेवल्या होत्यात.

आणि यंदाची संक्रांत. तुम्ही आणि वहिनी तिळाने भरलेले पितळेचे भांडे घेऊन आलात. मी म्हटले, द्यायचेच आहे तर विधीने द्या. तुमच्या हातावर पाणी घातले, तुमच्याकडून 'न मम' म्हणवून घेतले, म्हणजे हे आता माझे नाही. मग मी भांड्याला हात लावून 'प्रतिगृह्णामि' म्हणालो. तुम्ही विचारलेत, हे काय. मी सांगितले की घेणाऱ्याने 'मी स्वीकारतो' असे उच्चारल्यावाचून दान पुरे होत नाही. देणाऱ्याच्या हातून सुटते, घेणाऱ्याचे होत नाही, मध्येच लोंबकळत राहते.

तुम्ही वहिनींकडे वळून म्हणालात, "ऐकलं का? चार्ज लिया. ह्येंच्यातबी हाय."

वहिनी म्हणाल्या, "मग तुम्हीच तेवढं शोधून काढलंवतं असं नाही तर."

आपण सगळे हसलो. हे सगळे मला ठाऊक होते, सुभेदारसाहेब. मीच सांगितले होते. म्हणूनच पुढचे मला अधिक सलते.

तुम्हांला रुग्णालयात ठेवले तेव्हा मला खोकला होता. तेथे एका वेळी एकाच माणसाला सोडत असत, आणि सूनबाई म्हणाल्या, "बाबा, खोकला घेऊन नका जाऊ, त्यांना बाधेल." ते योग्यच होते. पण खरे सांगायचे तर मीही उद्यावर ढकलत होतो. तुमच्या नाकातोंडावर नळ्या पाहण्याचे मला धैर्य नव्हते.

चार वाजता फोन वाजला. तुमचे नाव पाहून आनंद झाला. उचलला. पडद्यावर खिडकी होती. खिडकीबाहेर लांबवर रुग्णालयाचे फाटक आणि त्यापाशी निळ्या गणवेशातली एक आकृती. मी म्हणालो, "सुभेदारसाहेब, नमस्कार. कसे आहात?" उत्तर नाही. नुसता श्वास, पंप मारावा तसा. चित्र हळूहळू सरकले. खोलीचे दार. मग लोखंडी कपाट, त्यावर पाण्याचे भांडे, औषधे, तुमचा चष्मा. मग खुर्ची, आणि खुर्चीत शाल गुंडाळून वहिनी, मान एका बाजूला कलंडलेली, झोपलेल्या. तेथे चित्र बराच वेळ थांबले. मला संकोच वाटला. परस्त्रीला निद्रेत पाहू नये. मी मान फिरवली आणि म्हणालो, "कॅमेरा उलटा झाला आहे. तुमचा चेहरा दिसत नाही. वहिनींना उठवा, त्या सरळ करून देतील."

पुन्हा पाहिले तेव्हा पलंगाचे टोक दिसत होते, आणि पांघरुणातून बाहेर आलेली तुमची दोन पावले.

मी पुन्हा म्हणालो, "चेहरा दिसत नाही हो."

तुम्ही काहीतरी बोललात. प्राणवायूच्या मुखवट्यातून 'हं' असे आले. निदान मला 'हं' वाटले. मी म्हणालो, "विश्रांती घ्या, उद्या येतो," आणि फोन बंद केला. आयुष्यात प्रथमच बटण अचूक सापडले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच वहिनींचा फोन आला.

त्या सकाळीही मी संध्या केली. सुतक मला नव्हते, आणि दुसरे काय करावे हे कळत नव्हते. गच्चीवर उभे राहून, बाहू वर करून, सूर्याकडे तोंड करून मंत्र म्हणताना मधेच थबकलो. या कर्माचे नाव उपस्थान. उप आणि स्था, तोच धातू, तोच उपसर्ग. पासष्ट वर्षे मी रोज सकाळी कोट्यवधी कोसांवरच्या सूर्याजवळ उभा राहत आलो आहे आणि त्याला उपस्थान म्हणत आलो आहे. जवळ असणे म्हणजे अंतर नव्हे, सन्मुख असणे. तुमचे म्हणणे बरोबर होते. ग्रंथ उघडण्याचीही गरज नव्हती. उत्तर माझ्या दोन उचललेल्या हातांत होते, आणि ऐकणारा पहाटेच गेला होता. त्या दिवशी माझे मंत्र चुकले.

तरीही तोवर त्या फोनचा विचार माझ्या मनात आला नव्हता. तो आला तेराव्याच्या सकाळी.

रखवालदारांना पोस्ट सोडून येता येत नव्हते. हरपालने वहिनींना विनंती केली, की सातची हजेरी त्या दिवशी साहेबांच्या घरी, साहेबांच्या फोनवर व्हावी. वहिनींनी फोन माझ्या हातात दिला. "तुम्हीच धरा भावजी. मला बघवायचं नाही." मी तुमच्या तसबिरीपुढे बसलो होतो. समोर बारा चौकटी उघडल्या. कोणाचाही चेहरा नाही. तुमच्या नियमाप्रमाणे बारा फाटके तुम्हांला भेटायला आली होती.

हरपालने आरंभ केला. त्याच्या चौकटीत लांबवर बसस्थानकाची भिंत दिसली. मग गोदामाचे फाटक. मग नोंदवही, किल्ल्यांचा जुडगा, खुर्ची. खुर्चीवर चित्र जरा थांबले. मग खाली वळून धुळीने भरलेले दोन बूट.

"चार्ज दिया."

"लिया," दुसरा आवाज म्हणाला.

दुसरी पोस्ट. झाड, दांडा, वही, बूट. "दिया." "लिया." तिसरी. आणि चौथ्या वेळी बूट दिसले तेव्हा मी मनात क्रम म्हणू लागलो. लांबचे आधी. मग दार. मग ताब्यातले सामान. शेवटी आपले बूट.

मी वहिनींना त्या फोनबद्दल तेथल्या तेथे विचारले. त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "अहो भावजी, कसलं काय. उजव्या हाताला सुई होती, डाव्या हातानं फोन धरत होते. कराडच्या नणंदबाईंना तर नुसतं छत दाखवलं अर्धा तास. मनाला लावून घेऊ नका."

मी फोनमध्ये हरपालला तेच विचारले. तो म्हणाला, "शास्त्रीजी, जूते दिखाए थे?"

"पाँव दिखाए थे."

"फिर तो जी चार्ज ही था." मग विचारले, "आपने क्या कहा?"

मी काय म्हणालो होतो, ते मी त्याला सांगितले नाही.

पत्नी एक सांगते, शिष्य दुसरे. दोघेही तुम्हांला माझ्याहून अधिक ओळखणारे. तुम्ही सोपवत असाल तर काय सोपवत होतात? वहिनी? त्यांना कोणी सांभाळावे अशा त्या नाहीत. माझ्या घरचा गॅस संपला तर त्याच सिलिंडर मिळवून देतात. ते फाटक, त्यापाशी उभा असलेला तो अनोळखी रखवालदार? की नुसते दाखवत होतात, मित्राने मित्राला दाखवावे तसे, की बुवा, मी आता जेथे आहे तेथून एवढे दिसते? दानात वस्तूचे नाव घ्यावे लागते. तुम्ही नाव घेतले नाही. घेतले असेल तर ते त्या 'हं'मध्ये होते आणि मी फोन ठेवला.

बारावी पोस्ट संपली, तेव्हा आयटी पार्कातल्या फाटकावरची सुनीता, तुम्ही जिला 'हवालदारीण' म्हणत होतात ती, अदबीने म्हणाली, "अंकलजी, कैमरा पलट लो. आपका चेहरा दिख रहा है."

तेव्हा कळले, की इतका वेळ तेरावी चौकट माझी होती, आणि बारा पोस्टवरच्या माणसांनी माझे रडणे पाहिले होते. तेथे चेहरा चालत नाही. मी बटण शोधले. सापडले नाही. मग मला जे येते तेच केले. अख्खा फोन उलटा फिरवला. पडदा खोलीकडे, पाठ माझ्याकडे. कोण पाहत आहे, काय दिसत आहे, मला काही कळण्याचा मार्ग उरला नाही.

तसाच उठून उभा राहिलो. आधी खिडकी दाखवली, तिच्याबाहेर बाग आहे. मग दार. मग समई, तुमचा चष्मा, तुमची तसबीर. मग वहिनी. त्या जाग्या होत्या. या वेळी मी मान फिरवली नाही. शेवटी खाली वाकून माझी अनवाणी पावले.

शास्त्राचा संकेत आहे, की कर्म झाले की नाही असा संशय असेल, तर ते करावे. झालेले पुन्हा केल्याने दोष लागत नाही, राहून गेले तर लागतो. मी म्हणालो, "घेतला." मराठीत म्हणालो. संस्कृत शब्द ओठांवर आलाच नाही.

फोनमधून सुनीता म्हणाली, "जी?"

वहिनी म्हणाल्या, "काय घेतलंत, भावजी?"

मला सांगता आले नाही. आजही येत नाही. काल त्यांच्याकडे जाऊन आलो, उद्याही जाईन. तेथे मी काय राखायला जातो ते त्या विचारत नाहीत, चहा ठेवतात. वस्तूचे नाव ठाऊक नसताना ती स्वीकारता येते का, हे मी कोणत्याही ग्रंथात वाचलेले नाही. हरपालला धुक्यात फाटक दिसत नव्हते. हात ठेवून तो उभा होता. मीही तेवढेच करू शकेन.

तेरा दिवस तुम्हांला तिष्ठत ठेवले, त्याची क्षमा असावी. 'लिया' ऐकल्यावाचून तुम्ही जागा सोडणार नाही, हे मी जाणतो. आता ऐकलेत.

सुभेदारसाहेब, बूट सैल करा.